हमामातला हात

शॅम्पू हा शब्द आज कोणत्याही किराणा दुकानात एक-दोन रुपयांच्या पुड्यांच्या माळेवर लटकलेला दिसतो. केस धुण्याचा पातळ साबण, एवढाच त्याचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे. पण अठराव्या शतकात इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातून उचलला तेव्हा त्याचा साबणाशी काडीचाही संबंध नव्हता. 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे. त्याचे आज्ञार्थी रूप 'चाँपो'. आपल्या चंपीचे मूळही तेच. शब्द विलायतेला गेला, बादशहाच्या अंगाला लागला आणि परत आला तो बाटलीत बंद होऊन. मधल्या प्रवासात चेपणारा हात तेवढा गळून पडला. त्या हाताचा मागोवा घ्यावा म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

अंग चोळणे ही जगभरची गोष्ट आहे, आणि नुसते चोळून कोणी थांबत नाही हीसुद्धा. आपल्या घरांत बाळंतिणीला तेल लावून कढत पाण्याने न्हाऊ घालतात, मग बाजेखाली शेगडी ठेवून शेक देतात. पाय मुरगळला तर आधी गार पाण्याची पट्टी. आयुर्वेदात अभ्यंग आणि स्वेदन यांची जोडी आहेच. चोळणे आणि ऊब-गारवा यांचा मेळ कसा घालावा, याचा बारकाईने विचार यूनानी तिब्बनेही केला. ग्रीक हकीम जालीनूसकडून, म्हणजे गॅलनकडून, आलेली ही विद्या अरबी-फारसी हकिमांनी वाढवली. इब्न सीना (980-1037) यांच्या 'अल-कानून'मध्ये चोळण्याचे, म्हणजे 'दलक'चे, प्रकारच दिले आहेत. जोरकस दलक अंग घट्ट करतो, हलका दलक सैल करतो, फार वेळ केलेला दलक अंग उतरवतो, बेताचा दलक अंग भरतो. खरखरीत कापडाने चोळले तर रक्त कातडीकडे ओढले जाते. व्यायामाआधीचा दलक वेगळा आणि नंतरचा वेगळा. गार पाणी अंगावर घ्यायचे असेल तर त्याआधी नेहमीपेक्षा जोरात चोळून घ्यावे, म्हणजे गारवा बाधत नाही, असेही त्यांनी बजावले आहे. तालमीतल्या कोणत्याही वस्तादाला हे सांगून पाहा, तो मान डोलावील.

हमामाची रचनाही याच विचारावर उभी होती. एकामागे एक तीन दालने: पहिले गार, दुसरे कोमट, तिसरे गरम. जमिनीखालच्या पोकळीतून भट्टीची ऊब खेळवलेली असे. माणूस पायरीपायरीने उष्णतेत शिरे, तिथे घाम फुटून अंग मऊ पडे, मग दल्लाक त्याला चोळे, चेपे, सांधे मोकळे करी. आणि परतीच्या वाटेवर तेच अंग हळूहळू गारव्याला सरावत बाहेर येई. दम, बलगम, सफरा, सौदा या चार खिल्तांच्या भाषेत हकिमांनी याचा जो खुलासा केला तो आज कोणी जसाच्या तसा मानू नये. रक्त अंगभर फिरते हेच तेव्हा माहीत नव्हते. पण उष्णतेने कातडीतल्या रक्तवाहिन्या पसरतात, स्नायूंचा ताठरपणा कमी होतो, आणि गारव्याने त्याच वाहिन्या आकसून ठणका बधिर होतो, हे आजचे शरीरशास्त्रही सांगते. खुलासा चुकला तरी हाताला अनुभव बरोबर आला होता.

हा हात कोणाचा होता? ग्रंथांत हकिमांची नावे आहेत, इमारतींवर बादशहांची आणि सुभेदारांची. दल्लाकाचे नाव कुठेच नाही. तो भेटतो तो फक्त नियमांत. बाराव्या शतकातल्या शैझरीने मुहतसिबांसाठी, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या अंमलदारांसाठी, एक पुस्तिका लिहिली. तीत तो म्हणतो की, दल्लाकाने आपले तळहात डाळिंबाच्या सालीने चोळून खरखरीत करावेत, म्हणजे गिऱ्हाइकाचा मळ निघेल आणि त्याला बरेही वाटेल. आम्हाला हा तपशील फार बोलका वाटतो. दुसऱ्याच्या अंगाला सुख व्हावे म्हणून याने आपली कातडी खरबरीत करून घ्यायची! इमाम गझाली (मृत्यू 1111) यांनी 'इह्या'मध्ये हमामाचे अदब सांगितले आहेत. तिथली आग पाहून दोजखची आठवण ठेवावी, सतर झाकलेला असावा, हे तर आहेच. पण त्याच यादीत हेही आहे की, हमामवाल्याची मजुरी आत शिरण्यापूर्वीच चुकती करावी. मिंबरावरून पहिल्या दोन गोष्टी पुष्कळदा ऐकू येतात. तिसरी आम्ही क्वचितच ऐकली.

हिंदुस्थानात तुर्क, अफगाण आणि मोगलांबरोबर हमाम आले. फतेहपूर सिक्रीला आहेत, दिल्लीच्या लाल किल्ल्यात आहे. आपल्या जवळचे पाहायचे तर दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमाम आहे, आणि खानदेशाची जुनी राजधानी बुऱ्हाणपूर, तिथल्या शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी अजून शाबूत आहे. मुमताज महल 1631 मध्ये वारली ती याच शहरात. त्यामुळे गाइड तिच्याबद्दल भरभरून बोलतात. पाणी कोण तापवत होते, अंग कोण चोळत होते, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही.

राजवाड्याबाहेर हे काम आपल्या देशात हज्जामाकडे आले. हजामत, चंपी, अंग रगडणे, मोडलेला सांधा बसवणे, खतना, सगळे त्याच्याच हातचे. ही बिरादरी हजरत सलमान फारसी यांच्याशी नाते सांगत स्वतःला सलमानी म्हणवते. शरीफ घराण्यांनी हज्जामाला 'खलिफा' अशी मोठी हाक मारली आणि दस्तरखानावर मात्र त्याला कडेला बसवले. इस्लाममध्ये जात नाही असे आपण शंभरदा म्हणतो. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की खलिफाच्या घरी कोण जातो ते पाहावे.

आणि आता त्या माणसाकडे येऊ, ज्याने हा हात विलायतेत गाजवला. दीन मुहम्मद 1759 साली पाटण्यात जन्मला. बाप कंपनीच्या बंगाल फौजेत होता, तो लढाईत गेला. मुलगा गॉडफ्रे बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या पाठोपाठ फौजेत शिरला, सुभेदार झाला, आणि 1784 मध्ये बेकरबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोहोचला. तिथे जेन डेली या तरुणीशी त्याने पळून जाऊन लग्न केले. तिच्या चर्चचा पंथही स्वीकारला. यावर कोणी भुवया उंचावतील, उंचावू द्याव्यात. 1794 मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन छापले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक समजले जाते. त्यात तो आपल्या घराण्याचे नाते मुर्शिदाबादच्या नबाबांशी सांगतो. म्हणजे हा गृहस्थ स्वतःच्या मते अगदी शरीफ, हज्जामांपैकी नव्हे.

पुढे लंडनमध्ये त्याने बेसिल कोक्रेन या हिंदुस्थानातून गब्बर होऊन परतलेल्या स्कॉटिश गृहस्थाच्या बाष्पस्नानगृहात काम केले. 1810 मध्ये हुक्का आणि हिंदुस्थानी जेवण देणारे 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढले आणि 1812 मध्ये दिवाळे काढले. पन्नाशी उलटलेला, बायकामुलांचा धनी, हातात काही नाही. 1814 मध्ये तो समुद्रकाठच्या ब्रायटनला गेला आणि चंपीवर पोट भरू लागला.

ब्रायटन हे गारव्याचे गाव होते. रिचर्ड रसेल नावाच्या डॉक्टरने 1750 च्या सुमारास समुद्राचे पाणी औषधी असल्याचे लिहिले आणि श्रीमंत लोक तिथल्या थंडगार लाटांत बुडी मारायला लोटले. या बुड्या मारून देणाऱ्या कष्टकरी बायका असत. त्यांतल्या मार्था गन हिचे नाव तरी टिकले. दीन मुहम्मदने त्या गारठलेल्या गावाला वाफ दिली. रोग्याला फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचे, हिंदुस्थानी वनस्पती घातलेली वाफ आत सोडायची, आणि घाम सुटला की तंबूला शिवलेल्या बाह्यांतून हात घालून बाहेरूनच त्याचे अंग चेपायचे. अंगावरची वाफ तुटत नसे. हमामाचे गरम दालन त्याने जणू कापडाच्या पिशवीत शिवून बसवले. बायकांची बाजू जेन सांभाळी. 1821 मध्ये समुद्रासमोर त्याचे मोठे स्नानगृह उभे राहिले. बरे झालेल्यांनी सोडून दिलेल्या कुबड्या तिथे टांगलेल्या असत. चौथा जॉर्ज आणि नंतर चौथा विल्यम या दोन बादशहांनी त्याला आपला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले.

सर्जन! आमचे सगळे लक्ष या एका शब्दावर खिळते. 1822 मध्ये त्याने शॅम्पूइंगवर पुस्तक लिहिले. त्यात जन्मसाल दहा वर्षांनी मागे नेऊन 1749 केले, आणि त्या वाढवलेल्या दहा वर्षांत कलकत्त्याच्या इस्पितळातले वैद्यकीय शिक्षण बसवले. परक्या देशात, काळ्या कातडीच्या माणसाला, गोऱ्या डॉक्टरांच्या नाकावर टिच्चून धंदा चालवायचा तर एवढी थाप मारावी लागली असेल. आम्ही त्याला दोष देत नाही. पण ज्याच्या हुनरावर हा धंदा उभा होता तो पाटण्याचा किंवा कलकत्त्याचा हज्जाम त्या पुस्तकात गुरू म्हणून येत नाही. नबाबाचा नातलग आणि इस्पितळाचा शिष्य होता येते, खलिफाचा शागीर्द होता येत नाही. मायदेशी जो हात दस्तरखानाच्या कडेला बसला, तोच हात ब्रायटनला राजवाड्यात गेला, पण आपले नाव बदलून.

1851 मध्ये दीन मुहम्मद वारला तेव्हा जग त्याला जवळजवळ विसरले होते. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. 1870 मध्ये स्नानगृह पाडले आणि त्या जागी हॉटेल झाले. त्याचा नातू फ्रेडरिक अकबर मुहम्मद (1849-1884) मात्र खरोखरचा डॉक्टर झाला. लंडनच्या गायज इस्पितळात त्याने नाडीचा आलेख काढणाऱ्या यंत्रावर काम केले आणि मूत्रपिंडाचा विकार नसतानाही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे दाखवून दिले. आजोबा हाताने चेपत होते त्याच रक्तवाहिन्या नातवाने कागदावर उतरवल्या.

आपल्याकडे चंपीवाला फुटपाथवरच राहिला. 1957 च्या 'प्यासा'मध्ये जॉनी वॉकर तेलाच्या बाटल्या घेऊन फिरतो. त्या पात्राचे नाव अब्दुल सत्तार आहे, हे किती जणांच्या ध्यानात आहे? गाणे सगळ्यांना पाठ आहे. 1993 मध्ये अमेरिकेतल्या टूसॉन शहरी तापवलेले काळे बेसॉल्टचे दगड आणि गार केलेले संगमरवरी दगड यांनी मालिश करण्याची नवी पद्धत निघाली आणि मोठ्या शहरांच्या स्पामध्ये पोहोचली. बेसॉल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण! नवे तेवढे दरपत्रक.

मुंबई, पुणे आणि मालेगावच्या यूनानी महाविद्यालयांत 'इलाज-बित-तदबीर' हा विषय शिकवला जातो. दलक, हमाम, गरम-गार शेकाची तकमीद, पाय पाण्यात ठेवण्याचा पाशोया, सगळे त्यात आहे. तिथून बाहेर पडणारी मुले-मुली हकीम होतात, नावापुढे डॉक्टर लावतात, ते योग्यच आहे. त्यांच्यापैकी कोणी आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या खलिफापाशी बसून, त्याचा अंगठा मानेच्या नेमक्या कोणत्या जागी थांबतो आणि शेक आधी की नंतर हे विचारून, त्याचे नाव घालून लिहून ठेवील काय? ती म्हातारी माणसे आता थोडीच उरली आहेत.