गिटारवरील जडावकाम : अचूक कापाचे शास्त्र

हाताने घडविलेल्या गिटारचे मोल तिच्या नादावर ठरते. परंतु ती कोणासाठी घडविली गेली, हे सांगते ते तिच्यावरील जडावकाम. फिंगरबोर्डवरची वेल, शिरोभागावरचे नाव किंवा ध्वनिछिद्राभोवतीचे झळाळते कडे हे रंगकाम नसते. लाकडात खाच कोरून तीत शिंपला, धातू वा दुसऱ्या लाकडाचा नेमका तुकडा बसविलेला असतो. अमेरिकेतील सी. एफ. मार्टिन कंपनीने १९३३ साली गायक-अभिनेते जीन ऑट्री यांच्यासाठी पहिली ‘डी-४५’ गिटार तयार केली, तेव्हा तिच्या फिंगरबोर्डवर त्यांचे नाव शिंपल्याच्या अक्षरांत जडविले होते. १९४२ पर्यंत या नमुन्याच्या अवघ्या ९१ गिटार तयार झाल्या.

दोन काप, एक रेषा

जडावकामात काप एक नसून दोन असतात : एक तुकड्याचा, दुसरा खाचेचा. दोन्ही एकाच रेषेवर जुळले तरच काम साधते. तुकडा बिघडला तर दुसरा कापता येतो. मात्र मोठी झालेली खाच पुन्हा लहान करता येत नाही. म्हणूनच हे काम बहुधा फिंगरबोर्डमध्ये धातूचे पडदे ठोकण्यापूर्वी उरकले जाते. आबनुसासारख्या काळ्या लाकडात राहिलेली बारीक फट त्याच लाकडाचा भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने लपून जाते. मेपलसारख्या फिकट लाकडावर मात्र ती कायम डोळ्यांत खुपते.

सोनारी करवत आणि सुई

पारंपरिक पद्धतीत नक्षीचा कागद शिंपल्याच्या चकतीवर चिकटवितात आणि सोनाराकडे असते तशा, केसासारख्या बारीक पात्याच्या करवतीने रेषेलगत कापतात. शिंपला ठिसूळ असल्याने त्याला खालून इंग्रजी ‘व्ही’ आकाराची खाच असलेल्या फळीचा आधार दिला जातो. कापलेला तुकडा लाकडावर तात्पुरता चिकटवून त्याची बाह्यरेषा सुईने ओरखडतात. त्या ओरखड्यात खडूची पूड चोळली की काळ्या लाकडावरही रेषा स्पष्ट दिसते. मग लहान राउटरने आतील लाकूड काढले जाते. खाच तुकड्यावरूनच आखली जात असल्याने हाताच्या कापातील किरकोळ फरक येथे आपोआप सामावतो.

यंत्राचा काप

सीएनसी यंत्रात संगणकावरील एकाच रेखाचित्रातून तुकडा आणि खाच दोन्ही निघतात. एकाच आकाराचे अनेक तुकडे हवे असतील तेव्हा ही सोय मोठी. तथापि, यंत्राचे फिरते पाते गोल असते. ०.८ मिलिमीटर व्यासाच्या पात्याने कोरलेल्या खाचेचा आतला कोपरा टोकदार होत नाही, तेथे ०.४ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई उरते. रेखाचित्रात याचा विचार झालेला नसेल तर टोकदार तुकडा खाचेत बसतच नाही. मग एकतर नक्षीची टोके गोल करावी लागतात किंवा खाचेचे कोपरे हाताने छिनून घ्यावे लागतात. तुकड्याभोवती गोंदापुरती केसभर जागा सोडणेही आवश्यक असते. लेसरच्या उष्णतेने शिंपला तडकण्याची आणि कडा करपण्याची भीती असते.

वक्रतेचा हिशेब

बहुतेक पोलादी तारांच्या गिटारचा फिंगरबोर्ड सपाट नसून किंचित कमानदार असतो. कमानीची त्रिज्या १२ इंच आणि रुंदी ५० मिलिमीटर असेल तर मध्यापेक्षा कडा सुमारे १ मिलिमीटर खाली येतात. शिंपल्याची चकती साधारण १.३ ते १.५ मिलिमीटर जाड असते. असा सपाट तुकडा पूर्ण रुंदीभर जडवून वर पॉलिशपेपर फिरविला, तर कडेला जेमतेम ०.३ ते ०.५ मिलिमीटर शिंपला उरतो. त्यामुळे रुंद नक्षी लहान लहान तुकड्यांत विभागतात आणि कडेचे तुकडे कमानीच्या उताराप्रमाणे बसवितात.

कायदा आणि आरोग्य

मोत्याचा शिंपला आणि रंगीत झाक असलेला अ‍ॅबलोनी ही आज सर्वत्र वापरली जाणारी द्रव्ये आहेत. हस्तिदंत आणि समुद्री कासवाचे कवच यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइट्स’ करारान्वये बंदी आहे, तर नॉटिलसचा व्यापार २०१७ पासून परवान्याच्या कक्षेत आला. जुन्या वाद्यांवरील जडावही परदेशी नेताना अडचणीचा ठरू शकतो. मिरजेच्या सतारमेकरांनाही हा बदल पचवावा लागला. तेथील सतार-तंबोऱ्यांवर पूर्वी हस्तिदंताचे नक्षीकाम होत असे. बंदीनंतर त्याची जागा प्लास्टिकसारख्या द्रव्यांनी घेतली. या वाद्यांची प्रतिष्ठा त्यामुळे उणावली नाही. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

शिंपल्याची धूळ श्वसनमार्गाला अपायकारक असते. कापताना पाण्याचा शिडकावा, धूळ ओढणारा पंखा आणि चांगला मुखवटा यांत हयगय होता कामा नये.

काम सोपविण्यापूर्वी

नक्षीकाम बाहेरून कापून घ्यायचे असल्यास केवळ छायाचित्र देणे पुरेसे नाही. प्रत्यक्ष मापातील रेखाचित्र, फिंगरबोर्डची रुंदी आणि कमानीची त्रिज्या, पडद्यांच्या जागा, द्रव्याची जाडी आणि खाच कोणी कोरायची, या बाबी आधीच लेखी ठरवाव्यात. तुकडे एकाकडून आणि खाच दुसऱ्याकडून करून घेतल्यास रेखाचित्र दोघांकडे एकच असावे. शक्य असल्यास त्याच जातीच्या टाकाऊ लाकडावर एक तुकडा बसवून पाहावा. तेथे दिसलेली फट रेखाचित्रात दुरुस्त होते. फिंगरबोर्डवर दिसलेली फट मात्र गिटार वाजेल तोवर तशीच राहते.