कुडा : एका नांवाची फसगत

पहिला पाऊस येण्याच्या सुमारास कोंकणांतील घाटांत किंवा विदर्भांतील रानवाटेवर पांढऱ्या फुलांच्या घोसांनीं लवलेलें एक झुडूप आपण पाहिलें असेल. हा पांढरा कुडा, संस्कृतांतील कुटज. पानगळीच्या रानांत आणि डोंगरउतारांवर तो आपण होऊन वाढतो. ‘मेघदूतां’तील यक्ष रामगिरीवर मेघास अर्घ्य देतो, तें याच ताज्या फुलांचें. नागपूरजवळील रामटेक हाच तो रामगिरि, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें आहे.

परंतु कुड्याचा इतिहास काव्यापुरता नाहीं. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत ‘वत्सक’ या नांवानें त्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्याची कडू साल वैद्य शतकानुशतकें अतिसारावर देत आले. डच अधिकारी व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथाचा पहिला खंड १६७८ सालीं ॲमस्टरडॅम येथें निघाला, त्यांत हें झाड ‘कोडगपाल’ या नांवानें आलें आहे. त्या ग्रंथास इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याप्रमाणेंच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघां कोंकणी ब्राह्मणांचेंहि साह्य होतें.

घोटाळा झाला तो यानंतर. १७५३ सालीं लिनिअसनें ‘आमांशनाशक’ अशा अर्थाचें शास्त्रीय नांव योजिलें, त्यांत मलबारच्या कुड्याची सिंहलद्वीपांतील निराळ्या झुडुपाशीं गल्लत झाली. १८१० सालीं रॉबर्ट ब्राउन यानें ‘होलारेना’ व ‘राइटिया’ अशा दोन प्रजाती निराळ्या केल्या. तरी तें विशेषण पुढें दोहोंच्याहि नांवांस चिकटून राहिलें. व्यापारांत पांढऱ्याच्या सालींत राइटियाची, म्हणजे काळ्या कुड्याच्या गोत्रांतील साल मिसळूं लागली, रोग्यांस गुण येईना, आणि युरोपांत नांवाजलेलें औषध बदनाम झालें. दोष झाडाचा नव्हता, ओळखीचा होता. १८५८ सालीं हेन्स यानें खऱ्या कुड्यांतून ‘कोनेसीन’ हें द्रव्य वेगळें काढलें, तेव्हां सालीच्या गुणास रसायनशास्त्राची साक्ष मिळाली.

श्रोतेहो, रानांत वावरणाऱ्यांस मात्र ही ओळख पटवावी लागत नसे. पांढऱ्याचे इंद्रजव कडू, काळ्याचे गोडे; पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळेपणीं टोंकाशीं जुळलेल्या असतात. रानें विरळ होत असतां झाडाबरोबर ही ओळखहि जाऊं दिली, तर हातीं उरेल तें केवळ नांव. आणि नांव किती फसवितें, हें कुड्यानें एकदां दाखविलेंच आहे.