अर्धवट अर्जाचे काय होते?

ऑनलाइन अर्ज भरताना एखादा रकाना चुकतो, 'सबमिट'चे बटण दाबले जाते आणि समोर पुन्हा कोरा अर्ज उभा राहतो. नाव, पत्ता, शिक्षण, अनुभव, पालकांचे उत्पन्न असे तीस-चाळीस रकाने पहिल्यापासून भरावे लागतात. चूक असते एका पिनकोडची, शिक्षा मात्र संपूर्ण अर्जाला. मुदतीच्या अखेरच्या रात्री असे दोन-तीनदा घडले, तर प्रवेश, नोकरी किंवा शिष्यवृत्तीची संधीच हातची जाते.

कागदी अर्जाच्या काळात खिडकीवरचा कारकून 'येथे सही राहिली' असे सांगून तोच अर्ज परत करीत असे. भरलेला अर्ज फाडून कोरा हाती देण्याची पद्धत कोणत्याही कचेरीत नव्हती. मग संगणकावर असे का घडते आणि ते टाळता येते का? या प्रश्नांची उत्तरे वेबच्या मूळ रचनेत सापडतात.

विसराळू रचना

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधील 'सर्न' या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली, ती मुख्यतः दस्तऐवजांच्या देवाणघेवाणीसाठी. ब्राऊझरने पान मागायचे, सर्व्हरने ते द्यायचे आणि व्यवहार तेथेच संपायचा. पुढची मागणी आली की सर्व्हरच्या दृष्टीने ती नव्या माणसाचीच. एचटीटीपी या संपर्क-नियमावलीला मागचे काही आठवत नाही, आणि तिचा साधेपणा व वेग बऱ्याच अंशी यामुळेच आहे.

वाचनासाठी हा विसराळूपणा सोयीचा होता. अडचण झाली ती अर्ज आल्यावर. डेव्ह रॅगेट यांच्या १९९३ मधील 'एचटीएमएल प्लस' या मसुद्यात अर्जाच्या रकान्यांचा समावेश होता. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एचटीएमएल २.०' या मानकात त्यांना अधिकृत स्थान मिळाले. दरम्यान १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी 'कुकी'ची योजना केली आणि एकाच माणसाच्या अनेक भेटी जोडण्याची सोय झाली.

बटण दाबल्यावर ब्राऊझर प्रत्येक रकान्याचे नाव आणि त्यात भरलेला मजकूर अशा जोड्या सर्व्हरकडे पाठवतो. सर्व्हरवरील आज्ञावली त्या तपासते. चूक आढळली तर ती एक नवे पान तयार करून पाठवते. या पानात प्रोग्रामरने जे लिहायला सांगितले असेल तेवढेच असते. जुना मजकूर रकान्यांत भरण्याची सूचना नसेल, तर पान कोरे येते.

म्हणजेच अर्ज नाकारला जातो त्या क्षणी त्यातील सारा मजकूर सर्व्हरच्या हातात असतो. तो हरवणे ही तांत्रिक अपरिहार्यता नव्हे. तो परत न करणे ही करणाऱ्याची हयगय आहे.

परत करण्याच्या रीती

सर्वांत सोपी रीत म्हणजे चुकीच्या सूचनेसोबत तोच मजकूर त्याच पानात भरून परत पाठवणे. मात्र प्रत्येक रकान्याची तऱ्हा वेगळी असते. साध्या रकान्यात मजकूर पुन्हा लिहावा लागतो, यादीतील निवडलेल्या नावावर खूण करावी लागते. पुष्कळदा पहिले काम होते आणि दुसरे राहते. नाव-पत्ता जागेवर दिसतो. राज्य मात्र 'महाराष्ट्र'ऐवजी यादीत सर्वांत वर असलेले होऊन बसते. कोरा रकाना डोळ्यांना दिसतो, पण बदललेला रकाना दिसत नाही. म्हणून हा दोष अधिक घातक.

बरोबरच्या खुणेच्या चौकटीची गोष्ट आणखी नाजूक आहे. खूण नसलेल्या चौकटीबद्दल ब्राऊझर सर्व्हरला काहीच कळवत नाही. 'जाहिरातींचे ई-मेल पाठवावेत' या चौकटीत आधीपासून असलेली खूण अर्जदाराने काढली, तरी आज्ञावली निष्काळजीपणे लिहिलेली असल्यास परत आलेल्या अर्जात ती पुन्हा हजर असते. अर्जदाराने दिलेला नकार परस्पर होकारात बदललेला असतो.

अर्ज अनेक पानांचा असेल तर प्रत्येक टप्प्यावरचा मजकूर सर्व्हरवर साठवतात आणि कुकीच्या आधारे अर्जदाराशी जोडतात. या जोडणीला 'सेशन' म्हणतात. तिला मुदत असते. पीएचपी या प्रचलित संगणकभाषेत, वेगळी सूचना नसल्यास, ती १४४० सेकंद म्हणजे २४ मिनिटे धरलेली आहे. गुणपत्रिका शोधायला उठलेल्या माणसाला तेवढा वेळ सहज लागतो. यावर उपाय म्हणजे मसुदा कायमस्वरूपी जतन करून अर्जदाराला क्रमांक देणे, म्हणजे दुसऱ्या दिवशीही तेथूनच पुढे जाता येते.

तिसरी रीत म्हणजे अर्ज पाठवण्याआधी ब्राऊझरनेच तो तपासणे. ऑक्टोबर २०१४ मध्ये शिफारस म्हणून मान्य झालेल्या 'एचटीएमएल ५'मध्ये रकाना अनिवार्य आहे, हे ब्राऊझरला सांगण्याची सोय आहे. पण ही तपासणी वगळून अर्ज पाठवता येत असल्याने सर्व्हरवरील तपासणीला पर्याय नाही. चौथ्या रीतीत टंकलेला मजकूर अर्जदाराच्याच संगणकावर, ब्राऊझरच्या साठ्यात राहतो. वीज गेली तरी तो टिकतो. परंतु सायबर कॅफेतील संगणकावर तो पुढच्या ग्राहकाच्या हाती पडू शकतो.

डिसोझांचे आडनाव

मजकूर परत करणे हेही जबाबदारीचे काम आहे. वसईतील किंवा गोव्यातील डिसोझा आपले आडनाव इंग्रजीत लिहितात तेव्हा 'डी' या अक्षरानंतर वर एक चिन्ह देतात. तेच चिन्ह एचटीएमएलमध्ये मजकुराचा आरंभ आणि शेवट दाखवण्यासाठीही वापरले जाते. प्रोग्रामरने काळजी घेतली नाही, तर ब्राऊझर तेथेच मजकूर संपला असे समजतो आणि परत आलेल्या रकान्यात आडनावाचे केवळ 'डी' उरते. पीएचपीच्या जुन्या आवृत्त्यांत अशा चिन्हामागे आपोआप तिरपी रेघ जोडण्याची सोय होती. अर्ज जितक्या वेळा परत येई, तितक्या रेघा वाढत जात. मार्च २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत ती सोय काढून टाकण्यात आली.

हा केवळ नावाचा प्रश्न नाही. रकान्यात मजकुराऐवजी आज्ञावलीचा तुकडा लिहिला आणि सर्व्हरने तो जसाच्या तसा पानात परत पाठवला, तर ब्राऊझर तो तुकडा चालवतो. या मार्गाने दुसऱ्याच्या कुकी चोरता येतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेतील 'सर्ट' या संगणक सुरक्षा केंद्राने याबाबत जाहीर इशारा दिला होता. म्हणून विशेष चिन्हांचे निरुपद्रवी रूपांतर करूनच मजकूर परत करावा, असा दंडक आहे. देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हांची रांग होऊन परत येणे हाही हलगर्जीपणाच. पान, आज्ञावली आणि डेटाबेस या तिन्ही ठिकाणी युनिकोडची 'यूटीएफ-८' पद्धत वापरली की तो टळतो.

काही गोष्टी मात्र परत करू नयेत. पासवर्ड आणि कार्डामागील गुप्त क्रमांक पुन्हा विचारणेच योग्य. जोडलेल्या फाइलचा रकाना सर्व्हरला भरताच येत नाही. तशी मुभा असती तर कोणतेही संकेतस्थळ आपल्या संगणकावरील फाइल परस्पर मागवू शकले असते. त्यामुळे मिळालेली फाइल सर्व्हरने तात्पुरती राखून ठेवावी आणि तसे अर्जदाराला सांगावे.

न पाठवलेला मजकूर कोणाचा?

मजकूर जपण्याच्या या तंत्राला दुसरी बाजू आहे. बटण दाबण्याआधीही टंकलेली अक्षरे सर्व्हरकडे पाठवता येतात. युरोपातील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक लाख प्रमुख संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी युरोपातून पाहता १,८४४ आणि अमेरिकेतून पाहता २,९५० संकेतस्थळांवर, अर्ज पाठवलेला नसतानाही, रकान्यात लिहिलेला ई-मेल पत्ता माग काढणाऱ्या तिसऱ्याच कंपन्यांकडे जात असल्याचे आढळले.

अर्जदाराच्या सोयीसाठी मसुदा जपणे आणि त्याने विचार बदलल्यावरही त्याचा पत्ता ठेवून घेणे, यांतील तंत्र जवळजवळ एकच आहे. फरक आहे तो हेतूचा आणि संमतीचा. भारताच्या २०२३ मधील डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचाही भर या दोहोंवर आहे. अर्ज पाठवला जात नाही तोवर त्यातील मजकूर अर्जदाराचा, हे तत्त्व मान्य केले तर चुकलेला अर्ज परत देणे आणि न पाठवलेला अर्ज न घेणे ही दोन्ही कर्तव्ये ओघानेच येतात.

सौजन्य नव्हे, निकष

वेबची मानके ठरवणाऱ्या 'डब्ल्यू-थ्री-सी' संघटनेने या गोष्टीला सुगम्यतेच्या निकषांत स्थान दिले आहे. निष्क्रियतेमुळे मजकूर जाणार असेल तर किती वेळाने जाईल, याची पूर्वसूचना द्यावी. मजकूर २० तासांहून अधिक काळ जपला जात असेल तर सूचनेची गरज नाही, असा निकष २०१८ च्या आवृत्तीत सर्वोच्च श्रेणीसाठी आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीने, एकाच प्रक्रियेत एकदा दिलेली माहिती, काही अपवाद वगळता, पुन्हा टंकायला लावू नये, हे प्राथमिक श्रेणीतच घातले. एका बोटाने टंकणारे ज्येष्ठ नागरिक, पडदा वाचून दाखवणाऱ्या आज्ञावलीवर विसंबलेले अंध विद्यार्थी, छोट्या मोबाईलवर अर्ज भरणारे पालक यांना कोऱ्या अर्जाची किंमत सर्वाधिक मोजावी लागते.

अर्ज भरणाऱ्यांसाठी

* मोठा मजकूर आधी नोटपॅडमध्ये लिहून जतन करावा आणि मग रकान्यात चिकटवावा.
* गुणपत्रिका, दाखले, छायाचित्र व कार्ड हाताशी ठेवूनच अर्ज उघडावा.
* मसुदा जतन करण्याचे बटण असल्यास प्रत्येक पानानंतर वापरावे; अर्ज क्रमांक टिपून ठेवावा.
* अर्ज परत आल्यास केवळ लाल खुणेचा रकाना न पाहता याद्या आणि चौकटीही पुन्हा तपासाव्यात.
* पैसे भरल्यावर पान 'रिफ्रेश' करू नये. तोच अर्ज दुसऱ्यांदा जाण्याचा संभव असतो.
* सार्वजनिक संगणकावर काम संपताच 'लॉगआऊट' करून ब्राऊझरमधील नोंदी पुसाव्यात.

ही खबरदारी अर्जदाराने घ्यावीच. तथापि चुकलेला अर्ज मजकुरासह परत देण्यासाठी संकेतस्थळाला बहुधा थोड्याच ओळींची आज्ञावली पुरते. खिडकीवरच्या कारकुनाला जे जमत होते, तेवढे तरी तिने करावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.