शिवनेरीची माकुडी

शिवनेरीचे नाव निघताच आपणांस इ. स. १६३० मधील शिवजन्म आठवतो. त्याच गडाच्या कड्यांवर उगवणाऱ्या एका चिमुकल्या वनस्पतीची आठवण मात्र क्वचितच कोणास होते. तिचे नाव शिंदळ माकुडी. महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांवाचून ती जगात अन्यत्र आपोआप उगवत नाही. शिवनेरी, वज्रगड ही तिची वसतिस्थाने वाचताना आपण बखरच चाळीत आहोत, असा भास होतो. खडकाच्या भेगांतून तिच्या मांसल फांद्या लोंबतात. पावसाळ्यात त्यांना पाने फुटतात, उन्हाळ्यात ती गळून जातात. फूल पंचकोनी चांदणीसारखे, किरमिजी रंगाचे आणि पिवळ्या ठिपक्यांचे असते.

शास्त्रास तिची ओळख करून दिली ती निकोल डॅलझेल या स्कॉटिश वनाधिकाऱ्याने. गिब्सनच्या सहकार्याने त्याने १८६१ साली मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला होता. त्यानंतर जुन्नर परिसरातील या वनस्पतीचे त्याने वर्णन केले आणि तिला 'फ्रेरिया इंडिका' असे नाव दिले. त्यातील पहिला शब्द सर बार्टल फ्रिअर यांच्या गौरवार्थ होता. १८६२ ते १८६७ या काळात ते मुंबईचे गव्हर्नर होते. दुसरा शब्द आपल्या देशाचा.

पुढे १९५८ साली राउली यांनी ही वनस्पती 'कॅरलूमा' या कुलात घातली. त्या कुलात 'इंडिका' हे नाव आधीच दुसऱ्या वनस्पतीस मिळालेले होते. म्हणून हिचे नाव 'फ्रेरी' झाले. अलीकडे तिला 'बुसेरोशिया' कुलात घालतात, तेथेही 'फ्रेरी' कायम आहे. देशाचे नाव गेले, गव्हर्नरसाहेबांचे राहिले! यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. नियमाप्रमाणेच सारे घडले. कचेरीत फायली हाताळणाऱ्या आम्हांस नियमाचा हा विनोद परिचयाचा आहे.

नावाचे दुःख आम्ही फार करीत नाही. चिंता आहे ती कड्याची. गुरांची चराई, हौशी लोकांची उपटाउपट आणि आधीच तोकडा प्रदेश यांमुळे ही वनस्पती संकटात आहे. फांदी लावली की ती कुंडीतही रुजते, हे खरे. परंतु कुंडीत तग धरणे निराळे आणि आपल्या कड्यावर फुलणे निराळे. महाराष्ट्राबाहेर संसार थाटलेल्या आपणां वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही.