कृत्रिम जीव, भूमिकाखेळांतील
अद्‌भुतरम्य भूमिकाखेळांत मंत्राने वा यंत्राने घडविलेली पात्रे. ही कल्पना जुनी असून सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) राज्यधर या सुताराची लाकडी माणसे हालचाल करतात. पण त्यांना वाचा नसते. या पात्रांवर राक्षसांच्या शक्ती कितपत चालाव्यात, हे खेळाच्या नियमांत ठरवावे लागते.

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या अमेरिकन खेळाच्या १९७७ मधील राक्षससंग्रहात, यहुदी लोककथांवरून घेतलेला ‘गोलेम’ माती, मांस, दगड व लोखंड अशा चार प्रकारांत आढळतो. तिसऱ्या आवृत्तीत (२०००) निर्मित पात्रांचा सर्व वर्गच निर्जीव मानल्याने विष, रोग, निद्रा, पक्षाघात व मोहिनी यांपासून मुक्त ठरला. तथापि घडणीचे द्रव्य निर्णायक राहिले. स्पर्शाने धातू गंजविणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ दगडी गोलेमला निरुपद्रवी, तर लोखंडी गोलेमला घातक असतो. उलट, जादूच्या अग्नीने लोखंडी गोलेमची झीज भरून निघते.

कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ (२००४) या कथाविश्वातील ‘वॉरफोर्ज्ड’ हे लाकूड व धातूंचे सैनिक विचार करू शकतात. खेळाडूला त्यांची भूमिका घेता येते. त्यांना विष बाधत नसे. मात्र मोहिनी बाधे. पाचव्या आवृत्तीतील २०१९ च्या ग्रंथात त्यांची गणना मानवसदृशांत झाली व विषापासूनचे पूर्ण संरक्षणही गेले. अशा रीतीने घडविलेल्या पात्राला मन व स्वत्व मिळताच, सजीवांची दुर्बलताही त्याच्या वाट्यास आली.