फर व्यापार, उत्तर अमेरिकेतील : कातड्यांचे विक्रीपूर्व संस्करण

प्राण्याचे केसाळ कातडे सोलल्यापासून ते टोपी, वस्त्र वा चर्मवस्तू या रूपात ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत त्यावर अनेक संस्कार होतात. त्यांपैकी कोणते संस्कार मूळ विक्रेत्याने करावेत व कोणते पुढील कारागिरांवर सोपवावेत, हा फर व्यापारातील एक जुना आर्थिक प्रश्न आहे. संस्करणाने मालाचे मोल वाढते, म्हणून ते विक्रेत्यास नेहमीच किफायतशीर ठरावे, असे वरवर पाहता वाटते. तथापि सतराव्या शतकापासूनच्या उत्तर अमेरिकेतील व्यापाराचा इतिहास या अनुमानास सरसकट दुजोरा देत नाही. कातड्याचा प्रकार, त्याचा अंतिम उपयोग, श्रमाचे मोल आणि उत्पादनतंत्र यांनुसार या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले. या बदलांचे परिणाम केवळ नफ्यातोट्यापुरते मर्यादित राहिले नाहीत. मूळ रहिवाशांची समाजरचना आणि काही प्राण्यांचे अस्तित्वही त्यांमुळे धोक्यात आले.

संस्करणाचे टप्पे : कातड्यावरील संस्कारांचे दोन गट पडतात. सोलणे, आतील बाजूचे मांस व चरबी खरवडणे, चौकटीवर ताणणे आणि सावलीत वाळविणे हे पहिल्या गटातील संस्कार केवळ टिकाऊपणासाठी असतात. ते न केल्यास कातडे कुजते व केस गळतात. दुसऱ्या गटात कमावणे, मऊ करणे, रंगविणे इ. क्रिया मोडतात. कमावण्याने कातड्यातील प्रथिनांत बदल घडून ते कुजण्यास प्रतिकार करते आणि लवचिक राहते. पहिल्या गटातील संस्कार विक्रेत्यास टाळता येत नाहीत. वादाचा विषय असतो तो दुसऱ्या गटाचा.

बीव्हर : यूरोपात बीव्हरच्या कातड्यास मागणी होती ती मुख्यत्वे टोप्यांच्या नमद्यासाठी. या प्राण्याच्या अंगावर बाहेरचे लांब, राठ केस आणि त्यांखाली दाट, मऊ लव असे दोन थर असतात. लवेच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असल्याने ते एकमेकांत गुंतून उत्तम नमदा तयार होतो. राठ केस मात्र त्यास निरुपयोगी असतात. म्हणून ते आधीच गळून गेलेले कातडे टोपीवाल्यांना अधिक मोलाचे वाटे.

असे कातडे मूळ रहिवाशांकडे आपोआप तयार होत असे. कातड्याची आतील बाजू खरवडून व तिला प्राण्यांची मज्जा चोळून ते पाच ते आठ कातडी सांबराच्या जातीच्या मूस या प्राण्याच्या स्नायुतंतूंनी एकत्र शिवीत आणि केसाळ बाजू अंगाकडे करून हे वस्त्र वापरीत. खरवडण्यामुळे राठ केसांची खोल मुळे सैल होत. पंधरा ते अठरा महिन्यांच्या वापरात हे केस गळून जात आणि अंगच्या घामाने व चरबीने कातडे मऊ व पिवळसर होई. कॅनडियन अर्थेतिहासकार हॅरल्ड इनिस यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केलेल्या फर व्यापाराच्या इतिहासात या प्रक्रियेचे तपशीलवार वर्णन केले आहे. फ्रेंच व्यापारी अशा मालास ‘कॅस्टर ग्रा’ (तेलकट बीव्हर), तर नुसत्या वाळविलेल्या कातड्यास ‘कॅस्टर सेक’ (सुके बीव्हर) म्हणत. १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन बे कंपनीच्या व्यवहारात हेच दोन प्रकार अनुक्रमे ‘कोट बीव्हर’ व ‘पार्चमेंट बीव्हर’ या नावांनी ओळखले जात.

येथे संस्करणाचा खर्च विक्रेत्यास जवळजवळ पडतच नव्हता. जुने वस्त्र नव्याहून महाग विकले जात होते. यूरोपीय व्यापाऱ्यांकडून मिळणाऱ्या लोकरी कापडाच्या मोबदल्यात मूळ रहिवासी ते आनंदाने देत. परंतु या अनुकूलतेतच एक दोष होता. टोपीवाले दोन्ही प्रकारची लव मिसळून वापरीत असल्याने तेलकट बीव्हरची गरज ठराविक प्रमाणातच असे. न्यू फ्रान्समध्ये मक्तेदारास ठरलेल्या दराने माल घेणे बंधनकारक असल्यामुळे दराचा इशारा उत्पादकापर्यंत पोहोचत नसे. परिणामतः सतराव्या शतकाच्या अखेरीस गोदामांत तेलकट बीव्हरचे ढीग साचले. १६९६ मध्ये चौदाव्या लूईच्या सरकारने पश्चिमेकडील व्यापाराचे परवाने रद्द केले व तेथील बहुतेक ठाणी बंद करण्याचा हुकूम काढला, त्यामागे हा साठा हे एक प्रमुख कारण होते. संस्कारित माल महाग असला, तरी त्याची मागणी मर्यादित असू शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

पुढे अठराव्या शतकात मर्क्युरिक नायट्रेटाच्या विद्रावाने लवेचे तंतू नमद्यायोग्य करण्याची पद्धत यूरोपात प्रसृत झाली. त्यामुळे सुक्या कातड्यापासूनही चांगला नमदा मिळू लागला आणि वापरलेल्या वस्त्राचे वैशिष्ट्य उरले नाही. मूल्यवर्धन अशा रीतीने अरण्यातून कारखान्यात गेले. त्याची किंमत टोपी-कामगारांना पाऱ्याच्या विषबाधेने मोजावी लागली. कंप, चिडचिडेपणा व स्मृतिभ्रंश ही लक्षणे त्यांच्यात सर्रास आढळत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नमद्याच्या धंद्यातील पाऱ्याचा वापर १९४१ मध्ये थांबविण्यात आला.

संस्करण कोठे व्हावे, हे केवळ बाजारपेठेवर सोपविले जात नसे. १७३२ च्या ब्रिटिश टोपी अधिनियमाने अमेरिकेतील वसाहतींना टोप्यांची निर्यात करण्यास, इतकेच नव्हे तर एका वसाहतीतून दुसरीत टोप्या पाठविण्यासही मनाई केली आणि उमेदवारांच्या संख्येवर मर्यादा घातली. बीव्हरची कातडी कच्च्या स्वरूपात इंग्लंडला जावीत आणि तयार टोप्या परत याव्यात, हा त्यामागील उद्देश होता.

हरिण : आग्नेय भागातील व्यापार हरणाच्या कातड्याचा होता. कॅरोलायनातील चार्ल्स टाउन बंदरातून १६९९ ते १७१५ या काळात दरवर्षी सरासरी सु. ५४,००० हरणांची कातडी इंग्लंडला जात. त्यांपासून तुमानी, हातमोजे इ. वस्तू बनत. हे कातडे कमावण्याचे काम क्रीक, चेरोकी इ. जमातींतील स्त्रिया करीत. कातडे भिजवून केस खरवडणे, प्राण्याचा मेंदू चोळून ते मऊ करणे आणि शेवटी धूर देणे, असे त्याचे स्वरूप होते. संस्कारित कातडे हलके असे व उष्ण, दमट हवेत टिके. कच्च्यास मात्र कीड लागे. तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यापाऱ्यांनी कच्ची कातडी घेण्याचा सपाटा लावला. शिकाऱ्यास रानातच माल विकून मोकळे होता येई, स्त्रियांच्या श्रमाची वाट पाहावी लागत नसे आणि त्या मालाच्या मोबदल्यात पुष्कळदा दारू हातात पडे. जमातींच्या प्रमुखांनी याबाबत तक्रारी केल्या व १७६० च्या दशकातील ब्रिटिश व्यापार-नियमांत कच्च्या कातड्यांच्या खरेदीस आळा घालण्याचा प्रयत्न झाला; पण तो फारसा यशस्वी ठरला नाही.

बायसन : विक्रीपूर्व संस्करणाचे सर्वांत दूरगामी परिणाम मध्यवर्ती मैदानी प्रदेशात दिसून आले. १८३२ मध्ये ‘यलोस्टोन’ ही आगबोट मिसूरी नदीतून फोर्ट यूनियनपर्यंत पोहोचली. तेव्हापासून बायसनची जड केसाळ कातडी सेंट लूइसला नेणे परवडू लागले. घोडागाडीत पांघरण्यासाठी त्यांना पूर्वेकडील शहरांत मोठी मागणी होती. मात्र ही कातडी कमावलेलीच लागत आणि ते काम मूळ रहिवाशांच्या स्त्रियाच करीत. एका कातड्यास अनेक दिवस खपावे लागे. एक चांगला शिकारी दिवसाकाठी अनेक बायसन मारू शके. एक स्त्री मात्र हिवाळ्यात मोजकीच कातडी कमावू शकत असे. त्यामुळे उत्पादनावर बंधन पडे ते शिकारीचे नव्हे, तर श्रमाचे. या बंधनातून सुटण्यासाठी संपन्न शिकारी अधिक बायका करू लागले. कातड्यांच्या मोबदल्यात मिळणाऱ्या बंदुका व घोडे प्रायः पुरुषांच्या मालकीचे होत आणि वाढलेल्या कष्टांचा भार स्त्रियांवर पडे. म्हणजे संस्करण किफायतशीर होते, पण त्याचा लाभ संस्करण करणाऱ्याच्या पदरी पूर्णतः पडत नव्हता.

१८७१ च्या सुमारास बायसनच्या कच्च्या कातड्यापासून यंत्रांचे पट्टे व जोड्यांचे तळ यांसाठी जाड चामडे बनविण्याचे तंत्र यूरोप-अमेरिकेतील कारखानदारांना साधले. आता केसांचे, ऋतूचे किंवा हस्तकौशल्याचे महत्त्व राहिले नाही. वाळवून दगडासारखे कडक झालेले कातडेही विकले जाऊ लागले. त्याच सुमारास लोहमार्गही मैदानात पोहोचले. स्त्रियांच्या श्रमामुळे हत्येस पडणारा स्वाभाविक आळा नाहीसा झाला व गोऱ्या शिकाऱ्यांच्या टोळ्यांनी कळपांचा विध्वंस आरंभिला. विल्यम हॉर्नाडे यांच्या १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात कर्नल रिचर्ड डॉज यांचे आकडे उद्‌धृत केले आहेत. त्यांनुसार १८७२–७४ या तीन वर्षांत लोहमार्गांनी सु. १३ लाख ७८ हजार कातडी रवाना झाली. निष्काळजीपणे सोललेली व वाळविलेली कित्येक कातडी सडून जात. त्यामुळे प्रत्यक्ष मारलेल्या जनावरांची संख्या याहून कितीतरी मोठी होती. दक्षिणेकडील कळप १८७० च्या दशकाअखेर व उत्तरेकडील १८८३ च्या सुमारास जवळजवळ नष्ट झाले आणि त्यांवर जगणाऱ्या जमातींना राखीव प्रदेशांतील शिध्यावर अवलंबून राहावे लागले.

लिलाव-पद्धती : विसाव्या शतकात जंगली फरचा बहुतेक व्यापार लिलावगृहांमार्फत होऊ लागला आणि तेथे कच्ची, वाळविलेली कातडीच विकण्याचा प्रघात दृढ झाला. याची कारणे तांत्रिक आहेत. खरेदीदार कातड्याच्या आतील बाजूचा रंग, जाडी व डाग पाहून ते कोणत्या ऋतूतील आहे आणि केस पक्के आहेत की नाहीत, हे ताडतो. कमावल्यावर या खुणा पुसल्या जातात. वस्त्रासाठी एकाच रंगाची व पोताची अनेक कातडी लागतात आणि ती एकाच घाणीत कमावली, तरच एकसारखी उतरतात. शिवाय सदोष कमावणी दुरुस्त करता येत नाही. म्हणून एकट्या शिकाऱ्याने घरी कमावलेले कातडे लिलावात बहुधा कमी किंमतीस जाते. याउलट काळजीपूर्वक खरवडलेले, योग्य आकारात ताणलेले व मंद हवेत वाळविलेले कातडे त्याच जातीच्या दुर्लक्षित कातड्याच्या तुलनेत बराच अधिक भाव मिळविते. स्थानिक ग्राहकास थेट विकावयाचे असल्यास किंवा कातड्यापासून स्वतःच वस्तू बनवावयाच्या असल्यास मात्र कमावणी लाभदायक ठरते; कॅनडाच्या उत्तर भागातील इन्यूइट स्त्रियांची सीलच्या कातड्याची पादत्राणे हे त्याचे उदाहरण होय.

भारतातही कच्चा माल विकावा की तयार माल, हा प्रश्न कातड्यांच्या निर्यातीसंदर्भात उपस्थित झाला. सीतारामय्या समितीच्या १९७२ मधील शिफारशींनंतर कच्च्या कातड्यांच्या निर्यातीवर बंदी व अर्धसंस्कारित मालाच्या निर्यातीवर मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे तयार चामडे व चर्मवस्तू यांच्या निर्यातीस चालना मिळाली. त्याबरोबरच कमावणीच्या सांडपाण्याचा प्रश्न देशातच उद्‌भवला; कानपूर येथील चर्मालयांसंबंधी १९८७ मध्ये व वेल्लोर परिसरातील चर्मालयांसंबंधी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयास निर्णय द्यावे लागले.

वरील उदाहरणांवरून असे दिसते, की विक्रीपूर्व संस्करणाची किफायत केवळ कच्च्या व तयार मालाच्या भावांतील फरकावरून ठरत नाही. खरेदीदारास ते संस्करण हवे आहे काय, ते एकसारख्या दर्जाने करता येते काय, त्यास लागणारे श्रम कोणाचे आणि त्यांचा मोबदला कोणास मिळतो, यांचाही विचार करावा लागतो. बायसनच्या बाबतीत तर कष्टाचे व संथ संस्करण हेच प्राण्याचे संरक्षण ठरले होते. ते अनावश्यक होताच अवघ्या बारा वर्षांत मैदाने ओस पडली.