वधस्तंभ आणि प्रायश्चित्त

'प्रायश्चित्त' हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे आणि त्याची धास्तीही तितकीच जुनी आहे. ज्याने पाप केले त्याने ते फेडावे, हा त्याचा सरळ अर्थ. ख्रिस्ती धर्म मराठीत बोलू लागला तेव्हा त्याने हाच शब्द उचलला आणि त्यात उलटा अर्थ भरला: पाप एकाचे आणि प्रायश्चित्त दुसऱ्याचे. ह्या दोन अर्थांत केवढे अंतर आहे, हे १८४३ साली मुंबईत दोघा सख्ख्या भावांच्या आयुष्यात दिसून आले. त्या कथेचा एक धागा पुढे येथून साठ किलोमीटरवरच्या जालन्यात येऊन पोचतो. म्हणून आरंभ तेथून करू.

नारायण शेषाद्री आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हे ब्राह्मण कुळातले. दोघांचा संबंध डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याच्या शाळेशी आला. १८४३ साली नारायणाने बाप्तिस्मा घेतला. श्रीपत तेव्हा बारा वर्षांच्या आसपासचा. तोही मिशनऱ्यांच्या घरी राहिला, तेथे जेवला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा वडिलांच्या हवाली केला. परंतु खरा तंटा त्यानंतर सुरू झाला. परत आलेल्या मुलाला पंक्तीला घ्यायचे कसे? त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घ्यावे, असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी घेतला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. बाळशास्त्री येथे दयेच्या बाजूने उभे होते, हे विसरता कामा नये. तरीसुद्धा त्या पोराने कोणाचे काय वाईट केले होते, हा प्रश्न आज आम्हांस पडतो.

आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताचा विचार मोठ्या बारकाईने केलेला आहे. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा शेवटचा अध्याय ह्याच विषयाचे आहेत. मनुष्याने आपल्या कृत्याची जबाबदारी आपण घ्यावी, हा त्यामागचा विचार थोर आहे. पण त्याच्या शेजारीच दरपत्रकही आहे. ब्राह्मणाच्या हत्येला जे प्रायश्चित्त, त्याचा चौथा हिस्सा क्षत्रियाच्या हत्येला, आठवा वैश्याच्या आणि सोळावा सदाचारी शूद्राच्या हत्येला. कामगार चळवळीत आम्ही नुकसानभरपाईचे पुष्कळ तक्ते पाहिले. इतका उघड तक्ता दुसरा पाहिला नाही.

आता ख्रिस्ती अर्थाकडे वळू. त्याचे मूळ यहुदी धर्मात आहे. वर्षातून एका दिवशी दोन बोकड आणीत. एकाचा बळी देत, आणि दुसऱ्याच्या मस्तकावर साऱ्या लोकांची पापे ठेवून त्याला रानात सोडून देत. हाच तो प्रायश्चित्ताचा दिवस. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ह्या दिवसाला 'दारफळणीचा सण' म्हणत आले. येशूच्या अनुयायांनी आपल्या गुरूचे मरण ह्या जुन्या विधीच्या भाषेत समजून घेतले.

परंतु ते मरण काही वेदीवर आलेले नव्हते. मराठी बायबलाने ह्या जागी 'वधस्तंभ' असा शब्द वापरला आहे. गोव्याकडे लोक 'खुरीस' म्हणतात, पण वधस्तंभ हा शब्द अधिक खरा वाटतो, कारण तो वस्तूचे काम सांगतो. रोमन राज्यात हा दंड मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना होता. इ.स.पूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर कापुआहून रोमला जाणाऱ्या रस्त्यावर सहा हजार गुलामांना असे टांगले होते. देवळाच्या शिखरावर आणि गळ्यातल्या साखळीत आज जे चिन्ह दिसते, ते त्या काळी मालकाच्या दहशतीचे चिन्ह होते. ख्रिस्ती माणूस म्हणतो, देव तेथे, त्या गुलामांच्या जागी होता. मराठीत ही कथा सविस्तर प्रथम सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले.

एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप फिटते कसे? ह्यावर ख्रिस्ती पंडितांत एकवाक्यता कधीच झाली नाही, आणि कोणत्याही सार्वत्रिक धर्मपरिषदेने एकच उत्तर बांधून दिले नाही. प्रत्येक युगाने आपल्या व्यवहाराच्या भाषेत उत्तर दिले. गुलामांच्या बाजारात वावरणाऱ्या पहिल्या शतकांना ती सुटकेची खंडणी वाटली. मग खंडणी घेतली कोणी? सैतानाने, असे काहींनी सांगितले. चौथ्या शतकातल्या नाझियान्झसच्या ग्रेगरीला ते पटले नाही. पुढे सरंजामशाहीच्या काळात, १०९८ च्या सुमारास, कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅन्सेल्म म्हणाला, पापाने देवाच्या मानाला धक्का बसतो आणि त्या मानाची भरपाई माणसाच्या ऐपतीबाहेरची आहे. त्याच्यानंतरच्या पिढीतल्या आबेलारने प्रेमावर जोर दिला. त्या मरणातले प्रेम पाहून माणसाचे अंतःकरण पालटते, असे त्याचे म्हणणे. सोळाव्या शतकातला कॅल्विन कायदा शिकलेला. त्याने कोर्टाची भाषा वापरली आणि शिक्षा दुसऱ्याने भोगली असे सांगितले. त्याच शतकात टिंडेलने बायबल इंग्रजीत आणताना ह्या कल्पनेसाठी 'अ‍ॅटोनमेंट' हा शब्द रूढ केला. त्याची फोड 'एक होणे' अशी आहे. आम्हांस ही फोड सर्वांत उपयोगी वाटते. फेड कशी झाली ह्यावर वाद आहे, पण फेड कशासाठी ह्यावर नाही: तुटलेले पुन्हा एक व्हावे.

आता नारायण शेषाद्रींकडे परत येऊ. ते पुढे पाद्री झाले आणि निजामाच्या मुलुखात, जालन्यास आले. दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ 'बेथेल', म्हणजे देवाचे घर, ह्या नावाची वस्ती वसविली. तेथे आले ते बहुतांशी मांग समाजातले लोक. धाकट्या भावाला एका पंक्तीत परत घेण्यासाठी प्रायश्चित्ताचा खल झाला, आणि थोरल्याने अशांमध्ये घर केले की ज्यांच्यासाठी शास्त्रात परतीचे प्रायश्चित्तच नव्हते. कारण त्यांचा दोष कृत्याचा नव्हता, जन्माचा ठरविलेला होता. जो दोष आपण केलाच नाही तो फेडायचा कसा? अशा माणसाला 'तुझा हिशेब चुकता झाला, वर मान करून ये' हे वाक्य कसे ऐकू आले असेल, ह्याचा विचार ज्याने त्याने करावा.

पंडिता रमाबाईंच्या वाट्याला हाच प्रश्न विधवांच्या रूपाने आला. नवरा मेला तो बायकोच्या पूर्वजन्मीच्या पापाने, असे मुलीला सांगत, केशवपन करीत आणि तिचे उरलेले सबंध आयुष्य हेच एक प्रायश्चित्त करून टाकीत. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, पण चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे मान तुकविली नाही. जे बुद्धीला पटेना त्यावर त्या वर्षानुवर्षे वाद घालीत राहिल्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त पुष्कळ वर्षांनी भेटला, अशा आशयाचे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या निवेदनात लिहिले. तारण कमवावे लागत नाही, ते दिलेले असते, हे उमगल्यावरच त्यांचे मन निवले. केडगावच्या मुक्तिसदनाचा पाया हा आहे.

ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली, त्यांचेही नाव ह्या विषयात येते. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनात चहाचे पेले पुढे आले. हजर असलेल्यांत रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशांनी नावे 'पुणे वैभवा'त छापून आणली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि ग्रामण्य माजले. 'प्रायश्चित्त एकदाच झाले' असे जेथे शिकवीत, तेथला चहा पुढे आला म्हणून प्रायश्चित्त! १८९२ साली रानड्यांनी ते घेतले आणि सुधारकांनी त्यांना दुर्बळ ठरविले. पण बहिष्काराने मित्रांच्या घरी जे हाल चालले होते ते पाहून त्यांनी ते घेतले, असे रमाबाई रानड्यांच्या आठवणींवरून दिसते. दुसऱ्यांसाठी खाली वाकलेल्या त्या माणसाला दुर्बळ म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही.

ह्यावर ह्याच शहरात एक आक्षेप उभा राहतो, आणि तो भक्कम आहे. १९५० साली येथे मिलिंद महाविद्यालय उभे करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथात स्पष्ट मांडले की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. दुसरा कोणी तुमच्यासाठी शुद्ध होऊ शकत नाही. दुसरा येऊन आपले ओझे उचलील ह्या आशेवर बसलेला समाज कधी उठत नाही, हे आम्ही कारखान्याच्या दारावर अनेकदा पाहिले आहे. तरी हेही पाहिले आहे की कोणी ना कोणी दुसऱ्याचे ओझे उचलल्यावाचून एकही संप टिकत नाही.

येथे आमचीच एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी वाळूजच्या एका कारखान्यात रात्रपाळीला काम बंद पडले आणि सहा कामगारांवर आरोपपत्रे निघाली. बोलणी महिनाभर चालली. शेवटी मालकांनी सांगितले, एकाला सोडा, पाच घेतो. आम्ही कमिटीत बसून हिशेब केला. सहांपैकी एकाला मूलबाळ नव्हते. जालना जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती कुटुंबातला पोरगा. त्याला बोलावून समजावले. तो 'बरं' एवढेच म्हणाला. आम्ही करारावर सही केली आणि सभेत त्याच्या त्यागावर भाषणही ठोकले.

पुढच्या उत्तम शुक्रवारी छावणीतल्या चर्चबाहेर त्याची आई भेटली. आम्ही तिला म्हणालो, "माई, तुमच्या मुलाने येशूसारखं काम केलं." ती म्हणाली, "भाऊ, येशूनं जीव आपण होऊन दिला. माझ्या लेकराला तुम्ही दिलं."

घरी येऊन शुभवर्तमान काढले. सर्वांचा नाश होण्यापेक्षा एक गेलेला परवडला, हा हिशेब तेथे येशूने केलेला नाही. तो प्रमुख याजक कयफाने केला आहे. ज्या माणसाचे बोलणे आम्ही शहाणपणाचे म्हणून वापरले, तो वधस्तंभ उभारणाऱ्यांच्या बाजूचा निघाला. वधस्तंभाचा सारा अर्थ 'आपण होऊन' ह्या दोन शब्दांत आहे, हे आम्हांस त्या बाईने शिकविले. ते दोन शब्द काढले की उरतो तो बोकड, आणि बोकड निवडणारे आम्ही.

कामगार न्यायालयात त्या मुलाची बाजू आम्ही नंतर लढविली. काही रक्कम मिळाली, नोकरी मिळाली नाही. त्यानंतर एकाला बाहेर ठेवणाऱ्या करारावर आमच्या युनियनने सही केलेली नाही. दोनदा त्यापायी संप लांबला आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. ह्याला प्रायश्चित्त म्हणावे तर ते अपुरे आहे, कारण ज्याच्याशी पुन्हा एक व्हायचे तो मुलगा गाव सोडून गेला. त्याची आई मात्र दर उत्तम शुक्रवारी छावणीत येते. आम्हीही जातो आणि मागच्या बाकावर बसतो. गेल्या वर्षी तिने पुढून वळून पाहिले आणि शेजारची जागा हाताने पुसून दिली.